सागरी लोहखत आणि महासागरातील कार्बनसाठा

समुद्राच्या काही भागांत नत्र व स्फुरद मुबलक असूनही केवळ लोहाच्या टंचाईमुळे वनस्पतिप्लवकांची वाढ खुंटलेली असते. अशा ठिकाणी विद्राव्य लोह टाकून ही सूक्ष्म वनस्पती वाढवायची आणि तिच्यामार्फत हवेतला कार्बन डायऑक्साइड खोल पाण्यात पोचवायचा, या कल्पनेला सागरी लोहखत म्हणता येईल. दक्षिण महासागर, विषुववृत्तीय पॅसिफिक आणि उत्तर पॅसिफिकचा उपध्रुवीय भाग ही अशा टंचाईची प्रमुख क्षेत्रे. किनाऱ्यापासून आणि वाळवंटी धुळीपासून ती दूर आहेत आणि समुद्राला लोह पोचते ते मुख्यतः याच दोन वाटांनी.

समुद्र नागपूरपासून शेकडो किलोमीटर दूर असला, तरी काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला यातले रसायनशास्त्र नवे नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण मुळांना मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि मग हिराकशीची (फेरस सल्फेट) फवारणी करावी लागते. समुद्राचे पाणीही अल्कधर्मी, सामू (पीएच) ८.१ च्या आसपास. त्यात विरघळलेले फेरस लोह प्राणवायूशी संयोग पावून लवकरच फेरिक होते आणि गंजासारखा साका बनून खाली बसू लागते. सेंद्रिय रेणूंनी धरून ठेवले तेवढेच पाण्यात टिकते. प्रयोगांतही वापरतात ती हिराकसच. आम्ल मिसळलेल्या समुद्रपाण्यात ती विरघळवून जहाजाच्या पंख्यामागच्या खळबळत्या पाण्यात सोडतात. बागेत पाने हिरवी झाली की काम झाले. इथे पाणी हिरवे झाल्यावर खरा हिशेब सुरू होतो.

तो हिशेब खोलीचा आहे. प्लवकांनी शोषलेला बहुतेक कार्बन वरच्या थरातच खाल्ला जातो, श्वसनातून पुन्हा पाण्यात आणि तिथून हवेत येतो. मेलेल्या पेशी, त्यांचे गुठळे आणि प्राणिप्लवकांची विष्ठा यांच्यासोबत थोडासाच भाग खाली जातो. काही शे मीटरवर थांबला, तर काही वर्षांत किंवा दशकांत वर येतो. १,००० मीटरच्या खाली गेला, तर शतकानुशतके तिथे राहू शकतो. म्हणून ‘किती प्लवक वाढले’ हा आकडा मोठा दिसला, तरी साठ्याबद्दल तो फारसे सांगत नाही. उपग्रहचित्रातला हिरवा डाग दाखवून कार्बनसाठ्याचे दावे करणाऱ्यांकडे सावधपणेच पाहावे.

कल्पनेचे श्रेय अमेरिकन सागरशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांचे. १९८८ मध्ये एका व्याख्यानात ते गमतीने म्हणाले होते की अर्धे टँकरजहाज लोह द्या, हिमयुग आणून दाखवतो. गमतीमागे पुरावा होता. अंटार्क्टिकाच्या बर्फात हिमयुगांतील थरांमध्ये धूळ जास्त आणि कार्बन डायऑक्साइड कमी (हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे १८० भाग, उबदार काळात २८० च्या आसपास) आढळतो. पहिला खुल्या समुद्रातला प्रयोग १९९३ मध्ये गॅलापागोसजवळ झाला. तो पाहायला मार्टिन नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये ते वारले. पुढच्या दीड दशकात डझनभर प्रयोग झाले आणि लोहाने प्लवक वाढतात याबद्दल शंका उरली नाही. २००४ च्या ‘आयफेक्स’ प्रयोगात तर डायटम या प्रकारचे प्लवक गुठळ्या होऊन बुडाले. वाढलेल्या जैवभारापैकी निदान निम्मा १,००० मीटरखाली गेला, असा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

भारताचा प्रयोग ‘लोहाफेक्स’ याच्या अगदी उलट गेला, आणि म्हणूनच तो अधिक शिकवणारा आहे. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (नागपूरच्या नीरीप्रमाणेच सीएसआयआरची प्रयोगशाळा) आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी तो केला. वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक हे त्याचे प्रमुख शास्त्रज्ञ. जानेवारी २००९ मध्ये ‘पोलारस्टर्न’ जहाज केपटाउनहून निघाले आणि पर्यावरणवाद्यांच्या विरोधामुळे जर्मन सरकारने प्रयोग थांबवला. महिनाअखेरीस परवानगी मिळाली. दक्षिण अटलांटिकमधल्या एका भोवऱ्यात सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्याला लोह दिले गेले. प्लवक वाढले. पण त्या पाण्यातले सिलिकाम्ल आधीच संपलेले असल्याने काचेसारखे कवच बांधणारे डायटम वाढू शकले नाहीत. वाढले ते मऊ, लहान प्रकार. कोपेपॉड हे इवले प्राणिप्लवक त्यांच्यावर तुटून पडले आणि कोपेपॉडांना झिंग्यांचे नातलग असलेले अँफिपॉड खाऊ लागले. खोलात गेलेला कार्बन नगण्य.

धोकेही आहेत. एका ठिकाणी नत्र-स्फुरद वापरले गेले की प्रवाहाच्या पुढच्या भागातल्या माशांचे अन्न घटते. काही डायटम डोमोइक आम्ल हे विष तयार करतात. २००८ मध्ये जैवविविधता कराराच्या बॉन परिषदेने अशा उपक्रमांना आवर घातला आणि समुद्रात टाकाऊ पदार्थ टाकण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या लंडन कराराच्या सदस्य देशांनी वैध संशोधन सोडून इतर लोहखतास नकार दिला. तरी २०१२ मध्ये कॅनडाच्या हैदा ग्वाईजवळ सॅमन वाढवण्याच्या नावाखाली, विकता येणाऱ्या कार्बन क्रेडिटवर डोळा ठेवून, सुमारे १०० टन लोहसंयुग समुद्रात टाकले गेले.

प्रमाणाची कल्पना येण्यासाठी नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीजकेंद्राचे उदाहरण पुरे. तिथले ६६० मेगावॉटचे ३ संच पूर्ण भाराने चालले, तर दिवसाला सुमारे पावणेपाच कोटी युनिट वीज होते. युनिटमागे किलोपेक्षा थोडा कमी कार्बन डायऑक्साइड धरला, तर ४० ते ४५ हजार टन होतात. इतके रोज, शतकभर टिकेल अशा खोलीवर पोचवणे आणि ते पोचल्याचे सिद्धही करणे, हे कोणत्याच प्रयोगाला अजून साधलेले नाही.

अरबी समुद्राचा प्रश्न वेगळा आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या उत्तरार्धात त्याच्या पश्चिम भागातही लोहटंचाईची चिन्हे नक्वी व सहकाऱ्यांना २०१० च्या सुमारास दिसली. पण तिथे सुमारे १५० ते १,००० मीटर खोलीवर प्राणवायू आधीच जवळजवळ संपलेला आहे. वरून आणखी सेंद्रिय द्रव्य पडले, तर कुजताना उरलासुरला प्राणवायूही जाईल आणि नायट्रस ऑक्साइड हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी तीव्र हरितगृह वायू वाढण्याची शक्यता आहे.