गॅस भरायला येण्याआधी हे वाचा

मार्च लागला की अकोल्यातल्या आमच्या गॅरेजच्या दारात गाडी थांबते आणि काच खाली होता होताच आवाज येतो, "भाऊ, एसीत गॅस भरून द्या." गॅस भरून पैसे घेणं आम्हाला सोपं आहे. पण दोष दुसराच असेल तर महिन्याभरात तीच गाडी परत येते आणि बोलणी आम्ही खातो. म्हणून हे पत्रक.

गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. छोट्या गाडीत तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि बंद नळ्यांतून फिरत राहतो. वर्षानुवर्षं पाईप आणि सीलमधून थोडा झिरपतो, तेवढं चालायचंच. मागच्या उन्हाळ्यात भरलेला यंदा गायब झाला, तर कुठंतरी लीक आहे आणि आधी तो शोधायला हवा.

आम्हाला गॅसचं सांगू नका. एसी केव्हा गार करतो आणि केव्हा करत नाही ते सांगा. मूर्तिजापूर रोडला गारेगार आणि अशोक वाटिकेच्या चौकात अडकलं की कोमट, असं असेल तर आमचा पहिला संशय कंडेन्सरवर जातो. रेडिएटरच्या पुढं असलेली ही जाळी आतली उष्णता बाहेर टाकते. गाडी पळताना तिला वारा आपसूक मिळतो, थांबल्यावर सगळी भिस्त पंख्यावर. एसी लावून बॉनेट उघडा आणि पंखा फिरतो का ते लांबूनच पाहा. हात घालू नका, तो कधीही सुरू होतो. फिरत नसेल तर फ्यूज, रिले किंवा मोटर. हे काम गॅसपेक्षा स्वस्तातही सुटू शकतं.

पंखा ठीक असेल तर जाळी बघायची, आणि आपल्या भागात ती नीटच बघावी लागते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांमागून चालणाऱ्या एका जीपचं आम्ही पुढचं काम उतरवलं. समोरून जाळी स्वच्छ दिसत होती. पण कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत कापूस, धूळ आणि किडे मिळून नमदा बसला होता. चिमटीत धरून ओढला तर हातभर पट्टी निघाली. त्या गाडीत एक ग्रॅमही गॅस घातला नाही. धुताना मात्र प्रेशरचा पाईप जाळीला भिडवू देऊ नका. तिच्या पातळ पत्र्या वाकल्या की वाराच अडतो.

हवा गार आहे पण जोर नाही? केबिन फिल्टर बघा. बऱ्याच गाड्यांत तो डावीकडच्या कप्प्यामागं असतो, पाच मिनिटांत निघतो. कागदी असेल तर धुऊ नका, बदला. सुरुवातीला जोर चांगला, अर्ध्या तासानं वारा मंदावला आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर परत आला, तर आत कूलिंग कॉईलवर बर्फ धरतोय. ते घरी होणारं काम नाही.

काहीच गार होत नसेल तर एसीचं बटण दाबल्यावर इंजिनाकडून 'टक' असा आवाज येतो का ऐका. तो कॉम्प्रेसरचा, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचा क्लच; तो पंपाला इंजिनाशी जोडतो. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथं ही खूण चालत नाही. आवाज येत नसेल तर कधी वायर उंदरानं कुरतडलेली निघते. गणपतीचं वाहन आपल्या वाहनावर का खार खातं, कळत नाही!

गाडीखाली पाणी ठिबकतं ते चांगलंच. पुढच्या डाव्या सीटसमोरची मॅट ओली झाली तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

आणि हवा आतल्या आत फिरवणारं बटण! उन्हात उभ्या गाडीच्या काचा दोन मिनिटं उघडून कोंडलेली वाफ जाऊ द्या, मग काचा लावून ते बटण दाबा. बाहेर ४५ अंश असताना तीच हवा आत ओढली तर एसीनं करायचं काय? दरवर्षी दोन-चार गाड्या या एका बटणावर आम्ही पैसे न घेता परत पाठवतो.

गॅस खरंच कमी असेल तर आधी नायट्रोजन भरून, साबणाच्या फेसानं लीक शोधतो. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं, म्हणून जॉइंटवरचा तेलकट डागही बघतो. लीक काढल्यावर निदान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं आतली हवा आणि ओल ओढून काढतो, कारण आत ओल राहिली की ती कॉम्प्रेसरला खाते. मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस, काट्यावर मोजून. "अजून थोडा टाका ना" म्हणू नका. जास्त झाला तरी कूलिंग कमीच होतं. बहुतेक गाड्यांना आर-१३४ए लागतो, काही नव्या गाड्यांना आर-१२३४वायएफ. एकाच्या जागी दुसरा घालत नाहीत. कुठंही भरा, पण सिलिंडर बघून भरा. अगदी स्वस्तात मिळणाऱ्या गॅसमध्ये कधी पेट घेणारा गॅस मिसळलेला असतो.

गाडी शक्यतो दुपारी बारानंतर आणा. सकाळच्या गारव्यात बिघडलेला एसीही शहाण्यासारखा वागतो.