गोपनीयता-टीप (ई-मेलमधील)

कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ई-मेलच्या तळाशी आपोआप जोडला जाणारा इशारा, बोलीत ‘डिस्क्लेमर’. मजकूर चुकून हाती आल्यास तो वाचू वा वापरू नये, नष्ट करावा, असा त्याचा आशय.

या टिपेचे मूळ सहसा फॅक्सच्या मुखपृष्ठावरील इशाऱ्यात शोधतात. ते वकिली पत्रांवरील ‘खाजगी व गोपनीय’ या शेऱ्यापर्यंतही मागे नेता येते. टिपेचा सारा रोख चुकीच्या पत्त्यावर पोहोचलेल्या मजकुराकडे असल्याने फॅक्सचे मूळ अधिक ग्राह्य वाटते. मात्र मुखपृष्ठ आधी दिसे, टीप शेवटी दिसते. पुणेरी पाटी फाटकावर असते. ही परसदारी लावलेली.

कायदेशीर बळ बेताचेच, कारण एकतर्फी सूचनेने करार होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २(ख) नुसार प्रस्तावाला संमती दर्शवली तरच तो स्वीकारला जातो. मौन म्हणजे संमती नव्हे, हे इंग्लंडमधील फेल्टहाउस विरुद्ध बिंडली (१८६२) या घोड्याच्या खरेदीवरील खटल्यापासून मान्य आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ७२क करारान्वये सेवा देताना हाती आलेल्या वैयक्तिक माहितीबाबत आहे. चुकून ई-मेल मिळालेला त्रयस्थ त्यात बसत नाही. वकील-अशील संवादाचे संरक्षण त्या नात्यातून येते, टिपेतून नव्हे. विश्वासभंगाच्या दाव्यात मात्र माहिती गोपनीय असल्याची जाणीव समोरच्याला होती काय, हा प्रश्न येतो (कोको विरुद्ध क्लार्क, १९६८). तेथे टीप पुरावा म्हणून थोडी उपयोगी पडावी. पण निविदेच्या दरांखाली आणि कँटीनच्या चौकशीखाली तीच टीप असेल, तर तेवढे वजनही उरत नाही.

टीप बहुधा सर्व्हरवर जोडली जाते, त्यामुळे पाठवणाऱ्याला ती दिसतही नाही. डीकेआयएम या, ई-मेल खरोखर त्याच डोमेनवरून आल्याची डिजिटल स्वाक्षरी करणाऱ्या पद्धतीत मजकुराचा हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा) स्वाक्षरीत गुंफलेला असतो. स्वाक्षरीनंतर टीप जोडल्यास पडताळणी फसते. म्हणून आधी टीप, मग स्वाक्षरी. पाठवणाऱ्याच्या संगणकावरच होणारी एस/माइम (ई-मेलवरील वैयक्तिक डिजिटल) स्वाक्षरी मात्र सर्व्हरवर जोडलेल्या टिपेने मोडते. उत्तर-प्रत्युत्तरांत टिपा साठत जातात, हा आणखी एक ताप.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील कंपन्यांत मसुदा अनेकदा परदेशी मुख्यालयातून येतो. परिणामी खराडीहून पिंपरीला गेलेल्या निरोपाखालीही अमेरिकेच्या १९८६ च्या इलेक्ट्रॉनिक कम्युनिकेशन्स प्रायव्हसी ॲक्ट या कायद्याचा हवाला आढळू शकतो. मराठी मसुदे विरळाच.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १२ नुसार व्यावसायिक पत्रांवर द्यावयाचे नाव, नोंदणीकृत पत्ता व ओळख क्रमांक हे तपशील निराळे. टीप काढली तरी ते राहतात.