व्यसनप्रतिबंध (पुणे)

अमली पदार्थाशी पहिली गाठ पडूच नये, पडलीच तर तिची सवय आणि सवयीचा आजार होऊ नये, यासाठी घर, शाळा-महाविद्यालय आणि वस्तीत केले जाणारे काम. जडलेल्या व्यसनावरचा उपचार म्हणजे व्यसनमुक्ती. प्रतिबंध त्याच्या आधीचा. पुण्यात मात्र क्रम उलटा लागला. इथे आधी उपचार आले आणि उपचार करणाऱ्यांनाच पुढे शाळांची वाट धरावी लागली.

1980च्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे ‘गर्द’, शहरात पसरली. हे अशुद्ध हेरॉइन चांदीच्या कागदावर तापवून त्याचा धूर ओढत. डॉक्टर व पत्रकार अनिल अवचट यांनी गर्दुल्ल्यांवर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला. 1986 मध्ये येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. अवचटांच्या पत्नी, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता (सुनंदा) अवचट या त्याच्या खऱ्या शिल्पकार. दाखल माणसाला तिथे ‘रुग्णमित्र’ म्हटले जाते, आणि उपचारांत घरच्यांनाही सामील करून घेतले जाते. व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो.

प्रतिबंधाच्या दृष्टीने घर हाच सर्वांत अवघड भाग आहे. मुलगा कॉलेजला गेला नाही तर आई ‘ताप होता’ अशी चिठ्ठी देते, वडिलांपासून लपवून उधारी फेडते. वडील एकदा मारतात आणि मग महिनाभर बोलत नाहीत. ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा सल्ला तर अजूनही हमखास मिळतो. त्याने सुधारत कोणी नाही, फक्त आणखी एक माणूस त्या घरात अडकतो. हे सगळे मायेपोटी आणि अब्रूच्या धाकाने होते. पण त्यामुळे पहिले काही महिने, जेव्हा समुपदेशनाने भागले असते, ते हातचे जातात. पालकांना चिन्हे सांगितली जातात ती अशी: घरातून पैसे नाहीसे होणे, झोपेचे वेळापत्रक उलटणे, जुने मित्र सुटणे, दप्तरात नशेसाठी हुंगले जाणारे व्हाइटनर किंवा पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब सापडणे. यातली ट्यूब सोडली तर बाकी बरेचसे पौगंडावस्थेतही होतेच, म्हणून झडतीपेक्षा बोलणे बरे.

पुण्याची आणखी एक अडचण म्हणजे इथल्या हजारो तरुणांचे कुटुंब इथे नसतेच. स्पर्धा परीक्षेसाठी पेठांमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरते भाडे देऊन, राहणाऱ्या मुलाचे आईवडील लातूरला किंवा जळगावला असतात. तो चार दिवस जेवायला आला नाही, हे आधी कळते मेसवाल्या काकूंना आणि खोलीतल्या जोडीदाराला. पालकसभेत यांना कोणी बोलावत नाही.

शाळांमध्ये बराच काळ सडक्या फुप्फुसाची चित्रे दाखवून भीती घालण्यावर भर होता. नुसत्या भीतीचा परिणाम टिकत नाही; नकार देणे, ताण पेलणे, निर्णय घेणे ही जीवनकौशल्ये शिकवण्याचा उपयोग अधिक दिसतो. 31 डिसेंबरला रस्त्यावर दूध वाटत ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणणारे कार्यकर्ते त्याहून हलक्या हाताने तेच सांगतात.

पदार्थही बदलले. मेफेड्रोन (एमडी) हे रासायनिक द्रव्य 2015 मध्ये अमली पदार्थांच्या यादीत आले. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांच्या कारवाईत त्याचा हजार किलोंहून मोठा साठा सापडला. दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना त्याच्या मुळाशी होता. तरी बहुतेकांची सुरुवात कॉलेजजवळच्या टपरीवर, सिगारेटपासूनच होते. शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांत तंबाखूविक्रीला 2003च्या कायद्याने बंदी आहे, ती टपरीला फारशी ठाऊक नसते. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षे ही वयाची अट आहे, तिचीही गत वेगळी नाही.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरे व्यसनमुक्ती केंद्रापर्यंत येतच नाहीत. वास्तविक 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. सल्ल्यासाठी 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिच्यावर घरचेही बोलू शकतात.