हाळीचा बाजार आणि फेसबुकचा लिलाव

उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजाराला लांबून व्यापारी येतात, ते काही मैदान बघायला नाही. लाल कंधारी नाहीतर देवणी बैल घेणारं गिऱ्हाईक तिथं भेटतं म्हणून विकणारा येतो, आणि विकणारे येतात म्हणून गिऱ्हाईक. शेजारच्या गावानं याच्यापेक्षा चांगली सावली केली, पाण्याचे हौद बांधले, पावती माफ केली, तरी नव्या बाजाराकडे लवकर कुणी फिरकत नाही. फेसबुकचं बळ याच जातीचं आहे. फरक एवढाच की हाळीत पावती सौद्यावर फाटते, आणि फेसबुक विकतं ती बाजारात हिंडणाऱ्याची नजर.

फेसबुक ४ फेब्रुवारी २००४ ला हार्वर्ड विद्यापीठात सुरू झालं. गूगलचं ऑर्कुट, असंच मित्र जोडायचं संकेतस्थळ, त्याच्या काही दिवस आधी, जानेवारीत आलं होतं, आणि आपल्याकडे आधी चाललं तेच. औरंगाबाद-नांदेडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून एकमेकांना स्क्रॅप, म्हणजे निरोप टाकले, ते ऑर्कुटवर. फेसबुक सगळ्यांना खुलं झालं २६ सप्टेंबर २००६ ला, आणि त्याच महिन्यात न्यूज फीड आली. हा बदल दिसायला किरकोळ होता. ऑर्कुटवर कोणाचं काय चाललंय हे कळायला ज्याच्या त्याच्या पानावर जावं लागे. फीडनं सगळ्यांच्या खबरी एका पारावर आणून ठेवल्या. माणूस एकाच जागी बसून खाली सरकवत राहू लागला, आणि पुढं जाहिरात घुसवायला हीच जागा कामी आली. २०१० च्या मध्यावर भारतात फेसबुक ऑर्कुटच्या पुढे गेलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं.

वाढीसाठी कंपनीनं वेगळी टोळीच बसवली होती. तिचा हिशोब साधा होता: नव्या माणसाला दहा दिवसांत सात मित्र मिळवून द्या, मग तो जात नाही. २००८ पासून दिसणारी 'तुम्ही यांना ओळखत असाल' ही पट्टी आणि फोनमधले नंबर मागणं, दोन्ही याच हिशोबातलं. पण गावात स्मार्टफोन नव्हता. म्हणून मार्च २०११ मध्ये स्नॅप्टू ही इस्रायली कंपनी विकत घेऊन बटणाच्या साध्या फोनवर चालणारं फेसबुक काढलं; जुलै २०१३ पर्यंत ते दहा कोटी लोक वापरत होते. लोहा नाहीतर परतूरच्या पोरांना पहिलं फेसबुक दिसलं ते असंच, दोन इंचाच्या पडद्यावर.

फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या नेटवर्कवर फेसबुकचं इंटरनेट डॉट ऑर्ग आलं. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता, भाषांमध्ये मराठीही. निवडक साइट फुकट, बाकीच्यांना पैसे. फुकटाच्या वेशीवर पहारेकरी मात्र फेसबुक. दूरसंचार नियामक 'ट्राय'नं ८ फेब्रुवारी २०१६ ला अशा वेगवेगळ्या दरांवर बंदी घातली. गंमत अशी की त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं, डेटा मार्च २०१७ पर्यंत फुकट वाटला गेला, आणि फुकट साइट दाखवून जे गिऱ्हाईक मिळवायचं होतं ते फेसबुकला दुसऱ्याच्या खर्चानं मिळालं. पुढे एप्रिल २०२० मध्ये फेसबुकनं ४३,५७४ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्के वाटा घेतला.

स्पर्धेच्या बाबतीत फेसबुकचे संस्थापक मार्क झुकेरबर्ग यांनी २००८ मध्येच एका ईमेलमध्ये लिहून ठेवलं होतं की स्पर्धा करण्यापेक्षा विकत घेणं बरं. धोका दर वेळी नव्या दारानं आला. फोटोच्या दारानं आलेलं इन्स्टाग्राम एप्रिल २०१२ मध्ये १०० कोटी डॉलरला घेतलं. फोन नंबरच्या दारानं आलेलं व्हॉट्सॲप फेब्रुवारी २०१४ मध्ये १,९०० कोटी डॉलरला. एवढे पैसे मोजायची घाई कशी झाली? ओनावो नावाचं व्हीपीएन ॲप, म्हणजे फोनचं इंटरनेट आपल्यामार्फत वळवून नेणारं, त्यांनी २०१३ मध्येच घेतलं होतं. लोकांच्या फोनमध्ये कोणतं ॲप किती उघडलं जातं ते त्यातून दिसायचं. समोरच्याच्या गाळ्यावर किती गर्दी आहे हे रोज मोजायची सोय असल्यावर बोली लावायला भीती कसली. जे विकायला तयार झालं नाही त्याची नक्कल झाली: स्नॅपचॅटनं २०१३ मध्ये नकार दिला, ऑगस्ट २०१६ मध्ये इन्स्टाग्रामवर स्टोरीज आल्या. आणि काही वेळा नशीबच धावून आलं. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली, ८ जुलैला भारतात रील्स सुरू. शेताच्या बांधावर नाचणारी, विनोद करणारी मराठवाड्यातली पोरं नऊ दिवस बेकार होती, एवढंच.

पैशाचं गणित मात्र नीट बघायला हवं, कारण तिथंच आपला दुकानदार फसतो. २०२४ मध्ये मेटाचं, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीचं, उत्पन्न सुमारे १६,४५० कोटी डॉलर, त्यातले सुमारे १६,०६० कोटी जाहिरातींचे. जागेला ठरलेला दर नाही. प्रत्येक वेळी फीड सरकली की लिलाव होतो. हाळीत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो तसा, कुणाला न दिसता. पण इथं मोठी बोली जिंकतेच असं नाही. बोली गुणिले समोरचा माणूस हवं ते करण्याची शक्यता, अधिक जाहिरातीचा दर्जा, अशी बेरीज धरतात. समजा लातूरच्या एका क्लासनं चौकशीमागं ४० रुपये बोली लावली आणि शक्यता एक टक्का आहे, तर त्याचं वजन ०.४०. दुसऱ्यानं २५ रुपयेच लावले, पण त्याची जाहिरात पालकांना पटते, शक्यता दोन टक्के, वजन ०.५०. जागा दुसऱ्याला मिळते.

आता खर्च. रोज ३०० रुपये, सात दिवस, म्हणजे २,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, एकूण २,४७८. हजार वेळा दिसायला ६० रुपये पडले असं धरलं तर जाहिरात ३५,००० वेळा दिसते. प्रत्येकाला सरासरी तीनदा दिसली तर माणसं साडेअकरा हजारांच्या आसपास. चौकशी ३० रुपयांना पडली तर सत्तर चौकश्या. हा आकडा महत्त्वाचा, कारण जाहिरात कुणाला दाखवावी हे फेसबुकच्या यंत्रणेला शिकायला आठवड्यात साधारण पन्नास निकाल लागतात. रोज शंभरच रुपये टाकले तर तेवीस चौकश्या होतात, यंत्रणा अर्धवट शिकते आणि चौकशीचा भाव वर-खाली होत राहतो. मध्येच फोटो किंवा वयोगट बदलला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून.

चुका ठरलेल्या असतात. पहिली, पानावरचं 'बूस्ट' बटण. घाईत दाबलं की यंत्रणा बहुतेक वेळा लाइक करणारे शोधते, फोन करणारे नाही. ॲड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे जाहिरातींच्या वेगळ्या पानावर, जाऊन उद्दिष्ट 'लीड', म्हणजे चौकशी, ठेवावं लागतं. दुसरी, नकाशावरची पिन. पिनेभोवती १ ते ८० किलोमीटरचं वर्तुळ घेता येतं. लातुरात ३० किलोमीटर घेतले तर औसा-रेणापूर येतं, पण लातूरच्या क्लासला पोरं येतात नांदेड, परभणी, बीड, हिंगोलीहून. तिथं वेगळ्या पिना लागतात. शिवाय मे-जूनमध्ये सगळे क्लास एकाच पालकावर बोली लावतात, तेव्हा भाव आपोआप चढतो. पालकांचे नंबर गोळा करायची जाहिरात मार्चमध्येच केलेली बरी. तिसरी चूक डीटीपीवाल्याची: श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला की फोनवर नुसती चिन्हं उमटतात; तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनांना वाचता येणाऱ्या रूपात, आणावा लागतो.

आणि शेळ्या. उस्मानाबादी बोकड विकायची पोस्ट फोटो-भावासकट टाकली की ती उडते, कारण खासगी माणसानं जिवंत जनावर विकणं फेसबुकच्या नियमात बसत नाही. म्हणून शेळीपालनाच्या ग्रुपांवर फोटोखाली 'भाव इनबॉक्स' असं लिहिलेलं दिसतं. पण नियम विक्रीलाच अडवतो, नुसत्या भावाला नाही. पुन्हा पुन्हा असं केलं की ग्रुपच धोक्यात येतो.

मेटाला आपल्याकडून माणशी मिळतं मात्र थोडं. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकला अमेरिका-कॅनडात दर वापरकर्त्यामागे ६८.४४ डॉलर मिळाले, आशिया-पॅसिफिकमध्ये ५.५२. म्हणून कंपनीची नजर आता व्हॉट्सॲपवर आहे, जिथं भारतातले सौदे खरोखर होतात. वर्षाला एक डॉलर घ्यायची पद्धत २०१६ मध्ये बंद केली, २०१८ च्या जानेवारीत दुकानदारांसाठी बिझनेस ॲप काढलं. मोठ्या बियाणे कंपनीनं शेतकऱ्यांना जाहिरातीचा मेसेज पाठवला की प्रत्येक मेसेजला पैसे. शेतकऱ्यानं आधी विचारलं तर चोवीस तासांत दिलेलं साधं उत्तर फुकट. म्हणूनच जाहिरातीवर 'व्हॉट्सॲपवर विचारा' हे बटण असतं. व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड ठोठावला. पण गावाचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप जिथं आहे तिथंच राहिला. २०२५ मध्ये झोहो या भारतीय कंपनीचं अरट्टई हे व्हॉट्सॲपसारखं ॲप काही दिवस डाउनलोडच्या यादीत वर चढलं. उघडल्यावर आत भेटले ते 'मी आलोय, तू ये' म्हणणारे दोन-चार मित्र.

व्हॉट्सॲपच्या संस्थापकांचा जाहिरातींना विरोध होता; दोघेही २०१८ पर्यंत बाहेर पडले. जून २०२५ मध्ये स्टेटसमध्ये जाहिराती आणायची घोषणा झाली. भाच्याच्या वाढदिवसाचा स्टेटस आणि पुतण्याच्या हळदीचा स्टेटस यांच्या मधल्या जागेचाही आता लिलाव होतो.