स्कीला इस्त्री

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पुनर्हिमायनाचा प्रयोग आहे. बर्फाच्या लादीवर तार ठेवायची, तिच्या दोन्ही टोकांना वजनं बांधायची. तार हळूहळू लादीतून आरपार जाते आणि लादी मात्र अखंडच राहते. दाबामुळे बर्फ वितळतो, दाब सरला की पुन्हा गोठतो. प्रयोग खरा आहे. पण शिकवणीत, प्रश्नमंजूषेत आणि हल्ली गुलमर्गच्या रीलखाली त्याच्या शेपटाला एक वाक्य जोडलेलं दिसतं: ‘म्हणूनच स्की बर्फावरून घसरते.’ हे वाक्य चूक आहे, आणि किती चूक आहे ते साध्या भागाकाराने दाखवता येतं. ते कळलं की स्कीच्या तळाला इस्त्रीने मेण का आणि कसं लावतात, तेही कळतं.

75 किलोचा माणूस दोन स्कींवर उभा आहे. प्रत्येक स्कीचा दीड मीटर लांब आणि 7 सेंटिमीटर रुंद भाग हिमाला टेकलाय असं धरू. म्हणजे एकूण 2100 चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर भार येतो 36 ग्रॅमचा, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम अठ्ठाविसावा हिस्सा. बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला साधारण 135 वातावरणांचा दाब लागतो. आपल्या स्कीने तो उतरतो एका अंशाच्या सुमारे चार हजाराव्या भागाने. हिमाचे कण तळाला सगळीकडे टेकत नाहीत हे खरं. पण हजारातला एकच भाग टेकतोय असं धरलं तरी हिशेब पाव अंशापर्यंतच जातो. लोक तर उणे 15 अंशांतही मजेत स्की करतात.

मग स्की घसरते कशामुळे? मुख्यतः घर्षणामुळे. ऐकायला उफराटं वाटतं, म्हणून आकडे बघू. घर्षणांक 0.05 घ्या, वेग ताशी 36 किलोमीटर. 75 किलोच्या माणसाला मागे ओढणारं घर्षणबल सुमारे 37 न्यूटन भरतं, आणि सेकंदाला 10 मीटर या वेगाने त्याची उष्णता होते सुमारे 370 वॅट. स्वयंपाकघरातल्या 750 वॅटच्या मिक्सरच्या निम्मी शक्ती तळाखाली सतत खर्च होतेय. एक ग्रॅम बर्फ वितळायला 334 जूल लागतात, म्हणजे सगळी उष्णता वितळण्यातच गेली तर सेकंदाला 1.1 ग्रॅम पाणी तयार होईल. तेवढ्या वेळात दोन्ही स्की मिळून 1.4 चौरस मीटर हिमावरून जातात. पाणी त्यावर पसरलं तर थराची जाडी येते 0.8 मायक्रोमीटर. डोक्यावरचा केस याच्या जवळजवळ शंभरपट जाड असतो. शिवाय थोडी उष्णता स्कीत आणि थोडी हिमात मुरते, त्यामुळे खरी सरासरी याहूनही कमी. वंगण म्हणतात ते एवढंच.

बाउडन आणि ह्यूज या केंब्रिजच्या दोघा शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखच्या संशोधन केंद्रात याचे प्रयोग केले आणि 1939 साली ते प्रसिद्ध केले. धातूचा तळ आणि एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा तळ यांची तुलना केली तर कडक थंडीत धातू जास्त अडतो, कारण तो घर्षणाची उष्णता पळवून नेतो आणि पाणी व्हायचं राहून जातं. (बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच रेणूंचा एक सैल, अर्धवट द्रवासारखा थर असतो, ही कल्पना फॅरेडेची, 1850ची. त्या थराचा वाटा नेमका किती, यावर अजून वाद चालू आहेत.) आजच्या स्कीचा तळ प्लास्टिकचा असण्यामागे हेही एक कारण आहे.

आता स्कीच्या तळाला लावायच्या मेणाकडे येऊ. मेण म्हणजे तेलासारखं वंगण, असा समज असतो. वंगणाचं काम पाणी करतं. मेणाकडे दोन कामं असतात आणि ती हवामानाप्रमाणे बदलतात. कडाक्याच्या थंडीत पाण्याचा थर अपुरा, तुटक असतो. हिमाचे स्फटिक अशा वेळी कठीण आणि टोकदार असतात, ते मऊ तळात रुततात आणि नांगरासारखे ओढले जातात. तिथे मेण कठीण हवं. शून्याच्या जवळ उलटी तऱ्हा: पाणी फार होतं, सलग थर तयार होतो आणि तळ खाली खेचला जातो. ओल्या काचेवर दुसरी काच ठेवून उचलून बघा, तोच प्रकार. तिथे पाणी झटकून टाकणारं मऊ मेण हवं, आणि तळावर पाणी वाहून नेणाऱ्या बारीक उभ्या चराही हव्यात. या दोन्हींच्या मध्ये, उणे तीन-चार अंशांच्या आसपास, स्की सर्वांत मोकळी धावते आणि तिथे कुठलंही मेण लावलं तरी लोक त्याची तारीफ करतात.

मेणाच्या कांड्यांचे रंग यावरूनच ठरतात. बहुतेक कंपन्यांत हिरवा सर्वांत थंड हिमासाठी, मग निळा, जांभळा, लाल आणि शून्याच्या आसपास पिवळा. कांडीवर छापलेलं तापमान हवेचं आहे की हिमाचं, ते वाचावं. हवा 5 अंशांवर गेली तरी हिम शून्याच्या वर जात नाही. निरभ्र रात्रीनंतर सकाळी ते हवेपेक्षा बरंच थंडही असतं. दोन रंगांत अडलात तर थंडीचा घ्या. उबदार हिमावर कठीण मेण जरा संथ चालतं, पण थंड हिमावर मऊ मेण लावलं तर स्फटिक त्यात घुसतात आणि स्की वाळूत अडकल्यासारखी थबकते.

मेण तळात राहतं कसं? दुकानदार सांगतो, तळाला रंध्रं असतात, गरम केली की ती उघडतात आणि मेण पितात. ही रंध्रं सूक्ष्मदर्शकाखाली शोधायला जाल तर सापडणार नाहीत. तळ असतो अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचा, पी-टेक्स या नावाने ओळखला जाणारा. दुधाच्या पिशवीच्याच कुळातलं हे प्लास्टिक, फक्त रेणू कितीतरी लांब, रेणुभार दशलक्षांत. कृत्रिम गुडघ्यात दोन धातूंच्या मध्ये जी चकती बसवतात तीही याच प्लास्टिकची. शेवयांची जुडी डोळ्यांपुढे आणा: काही ठिकाणी शेवया शिस्तीत समांतर, तर मध्येमध्ये नुसता गुंता. समांतर भाग स्फटिकी, गुंत्याचा भाग अस्फटिकी. पॅराफिन मेणाचा रेणू म्हणजे याच शेवईचा साधारण 20 ते 40 कार्बनचा तुकडा. जात एकच असल्यामुळे उष्णतेने गुंता सैल झाला की मेणाचे तुकडे त्यात शिरतात. हे विरघळणं आहे, भोक बुजवणं नव्हे. समांतर भागात मेणाला शिरकाव नाही. रेणूंचं असं एकमेकांत मुरणं (विसरण) ही मुळात संथ क्रिया, म्हणून तापमान वाढवून घाई करण्यापेक्षा ऊब जास्त वेळ टिकवणं फायद्याचं. शर्यतीच्या स्की 55-60 अंशांच्या पेटीत तासन्‌तास ठेवतात त्या यासाठीच. थंड झाल्यावर प्लास्टिक आक्रसतं, गुंत्यात जागा कमी होते आणि थोडं मेण पुन्हा बाहेर झिरपतं. काल लखलखीत घासलेला तळ आज धुरकट दिसतो तो त्यामुळे. पावडर दाबून-तापवून केलेला सिंटर्ड तळ रेणुभाराने मोठा असतो, मेण जास्त धरतो. वितळवून साच्यातून ढकललेला एक्स्ट्रुडेड तळ स्वस्त असतो, मेण कमी धरतो आणि हयगय जास्त सोसतो.

इथपर्यंतचं डोक्यावरून गेलं असेल तरी बिघडत नाही, पुढचं काम हाताचं आहे. डेन्व्हर, टोरांटो किंवा झुरिकला राहणाऱ्यांना गॅरेजात किंवा तळघरात ते सहज जमेल. क्रम मात्र चुकवू नये: आधी तळाच्या जखमा, मग कडा, मेण शेवटी. मेणानंतर कानस चालवली तर लोखंडाचा कीस मेणात रुतून बसतो.

ओरखडे भरायला पी-टेक्सच्या कांड्या मिळतात. पेटवल्यावर कांडी तळाच्या अगदी जवळ धरायची, ज्योत छोटी आणि निळसर राहिली पाहिजे. ज्योत मोठी झाली की काजळी पडते आणि भरावात काळे कण राहतात. तसे थेंब आधी पत्र्याच्या स्क्रेपरवर गाळून टाकायचे. भराव थोडा उंच ठेवून गार होऊ द्यायचा आणि मग पत्र्याच्या स्क्रेपरने सपाट करायचा. मूळ तळाचं प्लास्टिक वितळलं तरी वाहत नाही, रेणू फार लांब म्हणून. त्यामुळे कांडीत छोट्या रेणूंचं पॉलिएथिलीन असतं आणि भराव मूळ तळाहून मऊच राहतो. जखमेतून आतलं लाकूड किंवा फायबर दिसत असेल तर पी-टेक्स तिथे चिकटत नाही. ती दुरुस्ती इपॉक्सीची, आणि ती दुकानात केलेली बरी.

कडा पोलादी असतात आणि त्यांना दोन कोन असतात. तळाच्या बाजूचा अर्धा ते एक अंश, बाजूचा एक ते तीन अंश. घरी फक्त बाजूला हात लावावा. तळाकडचा कोन एकदा वाढला की पूर्ण तळ दगडावर घासून खाली आणल्याशिवाय परत येत नाही, आणि स्कीचं आयुष्य तेवढं कमी होतं. कोन धरून ठेवणारा गाइड वापरावा, नुसत्या हाताने कानस मारू नये. काळ्या मार्करने कड रंगवायची, कानस एकदा फिरवायची. शाई सगळीकडून सारखी गेली तर कोन जुळला. वरचीच किंवा खालचीच गेली तर गाइडचा अंश चुकलाय. कानस एकाच दिशेने, टोकाकडून शेपटीकडे, हलक्या दाबाने. दोन-तीन हात मारले की ब्रशने कीस झाडायचा, नाहीतर कानशीचे दात भरतात आणि कडेवर ओरखडे उमटतात.

उतारावर दगडाला घासलेल्या जागी कानस नुसती सरकते, लागत नाही. ठिणगी उडण्याइतकं तापलेलं पोलाद लगेच हिमात गार झालेलं असतं. लोहार पाणी देतो तेच इथे नकळत घडलेलं असतं आणि तेवढा ठिपका कानशीइतका कठीण होतो. तिथे आधी ओला डायमंड स्टोन फिरवावा, कानस नंतर. शेवटी कडेवर राहिलेली बारीक कूस, कारखान्यात तिला ‘बर’ म्हणतात, त्याच स्टोनने काढायची. नख कडेवरून आडवं ओढलं तर पातळ साल निघावी, आणि बोट लांबीने फिरवलं तर कुठे अडकू नये. हे बोट फिरवताना आणि कानस मारताना हातमोजे घाला.

आता इस्त्री. स्की आदल्या रात्री घरात आणून पूर्ण कोरड्या झालेल्या असाव्यात. ब्रेक रबराने वर बांधायचे. स्नोबोर्ड असेल तर बूट अडकवायच्या पकडीचे, म्हणजे बाइंडिंगचे, स्क्रू सैल करायचे, नाहीतर उष्णतेत त्यांच्या जागी तळाला खळगे पडतात. पितळी ब्रशने टोकाकडून शेपटीकडे दहा-बारा वेळा घासायचं. तळ फार मळका असेल तर मऊ मेण इस्त्रीने लावून गरम असतानाच खरवडायचं, मळ त्याच्याबरोबर निघतो. रासायनिक क्लीनर मळाबरोबर आतलं मेणही ओढून काढतो.

इस्त्री मऊ मेणाला साधारण 120 अंश, कठीण मेणाला 140-150. धूर निघाला की जास्त झालं, उष्णता कमी करा. खिडकी कायम उघडी हवी. कांडी इस्त्रीला टेकवून थेंबांच्या दोन रेघा पाडायच्या, दोन्ही स्की मिळून 10 ते 15 ग्रॅम मेण पुरतं. मग इस्त्री संथ आणि न थांबता फिरवायची. तिच्यामागे वितळलेल्या मेणाची पाच-दहा सेंटिमीटरची ओली शेपूट दिसली पाहिजे. तळाचं प्लास्टिक 135 अंशांच्या आसपास वितळतं. मेणाचा थर आणि हात चालता असणं, याच दोन गोष्टी त्याला वाचवतात. इस्त्री एका जागी थबकली तर तळ भाजतो किंवा आतला गोंद सुटतो. स्कीची वरची बाजू हाताला कोमट लागली की थांबायचं.

कपड्यांची इस्त्री चालेल का? चालते, पण तिचा तळपत्रा पातळ असतो, थंड स्कीवर टेकताच तापमान कोसळतं. मग थर्मोस्टॅट ते वर नेऊन गरजेपेक्षा पुढे जातो, आणि त्या चढउतारातच तळ भाजण्याचा धोका असतो. वाफेची इस्त्री तर नकोच, भोकांत मेण साचतं. आणि एकदा स्कीवर फिरलेली इस्त्री पुन्हा शर्टावर फिरवू नका.

गार व्हायला किमान अर्धा तास, कठीण मेण असेल तर जास्त. बाहेर थंडीत नेऊन ठेवू नका. झटक्याने गार झाला की तळ आक्रसतो आणि मेण बाहेर फेकतो. मग ॲक्रिलिकचा धारदार स्क्रेपर 45 अंशांत धरून खरवडायचं. आधी कडांवरचं आणि मधल्या खाचेतलं, मग तळावरचं, पांढरी साल निघायची थांबेपर्यंत. नवशिक्यांचा हात इथेच आखडता येतो. एवढं लावलं आणि सगळं काढून टाकायचं? हो, काढून टाकायचं. उपयोगाचं मेण आत गेलंय, वरचा थर फक्त चरा बुजवतो आणि हिमात अडतो. त्यानंतर नायलॉनचा ब्रश, मग घोड्याच्या केसांचा. पुन्हा मेण कधी लावायचं ते तळच सांगतो: कडांलगत, पायाखालच्या भागात, तो पांढुरका आणि केसाळ दिसायला लागतो.

जाहिरातींबद्दल एक शब्द. ‘नॅनो’, ‘ग्राफीन’, ‘एकदा लावा आणि विसरा’ असं लिहिलेल्या बाटल्या बाजारात आहेत. शर्यतीत सेकंदाचे शंभरावे भाग मोजणाऱ्याने त्यांचा विचार करावा. फ्लोरिनयुक्त मेण मात्र खरोखरच वेगवान होतं, आणि तीच त्याची गोची झाली. त्यातली संयुगं निसर्गात मोडत नाहीत. अशा मेणावर हिवाळेच्या हिवाळे काम करणाऱ्या तंत्रज्ञांच्या रक्तात त्यातलंच एक संयुग, पीएफओए, सामान्य माणसापेक्षा कितीतरी पट जास्त सापडलं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24च्या हंगामापासून त्यावर पूर्ण बंदी घातली आणि ऑक्टोबर 2023मध्ये ऑस्ट्रियातल्या सोल्डनच्या शर्यतीत एक नामांकित खेळाडू त्यापायी बादही झाली. जुन्या डब्यात अशी कांडी सापडली तर ती इस्त्रीवर अजिबात वितळवू नका. घरगुती मेणबत्तीही चालून जाते, पण तिची कठीणता हिमाच्या तापमानाशी जुळेलच असं नाही. हंगाम चांगला जावा म्हणून नॉर्स देव उल्लरला खूश करायला जुन्या स्की जाळण्याची एक प्रथा आहे. दृष्ट काढून मिरच्या जाळण्याचीच ती थोरली बहीण. फरक इतकाच, की मिरचीने ठसका लागतो आणि इथे इपॉक्सीचा धूर फुप्फुसात जातो.

हंगाम संपला की कडा पुसून, स्टोन मारून, मऊ मेणाचा जाड थर तळावर आणि कडांवरही इस्त्रीने पसरवायचा आणि न खरवडता तसाच सोडायचा. औली किंवा गुलमर्गहून स्की घेऊन मुंबई-पुण्याला परतणाऱ्याने हे टाळूच नये, कारण जूनच्या दमट हवेत उघडी पोलादी कड आठवड्याभरात तांबडी पडते. स्की भिंतीला टेकवून, बॅगेबाहेर, कोरड्या खोलीत ठेवायच्या. तो थर खरवडायचा थेट डिसेंबरात.