एकसर की समांतर? आधी सांधे बघा

विजेच्या परिपथाच्या आकृतीत दोन रोध (धारेला अडथळा करणारे घटक, त्यांचं माप ओहममध्ये) रेल्वेच्या रुळांसारखे शेजारीशेजारी काढलेले दिसले की बरीच मुलं लगेच 'समांतर' म्हणून मोकळी होतात. भूमितीत समांतर रेषा शिकलेल्या मुलांचं हे चुकणं स्वाभाविक आहे. पण त्याच दोन रोधांची खालची टोकं तारेने एकमेकांना जोडा आणि बॅटरी वरच्या दोन टोकांना लावा. धारा एका रोधातून खाली उतरते, दुसऱ्यातून वर चढते, वाटेत कुठेही फाटा नाही. दिसायला समांतर असली तरी ही जोडणी एकसर आहे.

'एकसर' हा शब्द मला फार आवडतो. सर म्हणजे माळेचा पदर. मोत्यांच्या एका सरात दोरा एका मण्यातून निघाला की पुढच्या मण्यातूनच जातो, दुसरी वाट नसते. गणपतीच्या मखराला लावायची जुन्या छोट्या बल्बांची माळ अशीच असायची. साधारण 6 व्होल्टचे चाळीसेक दिवे एका सरात ओवले की 230 व्होल्ट त्यांच्यात वाटले जात. एक दिवा गेला की अख्खी माळ विझायची आणि आरतीच्या आधी कुणीतरी एकेक दिवा काढून, लावून बघत बसायचं.

ओळखायची खूण सांध्यात आहे. दोन रोधांमधल्या सांध्यावर पेन्सिल ठेवा. तिथून तिसरी तार फुटत नसेल तर ते दोघे एकसर. समांतरसाठी दोन्ही रोधांचं एकेक टोक एकाच सांध्याला हवं आणि उरलेली दोन टोकं दुसऱ्या एकाच सांध्याला. मी मुलांना रंगीत पेन्सिली देतो. मध्ये रोध किंवा बॅटरी येईपर्यंत तार कितीही वळली तरी रंग बदलायचा नाही. मग ज्या रोधांच्या टोकांना त्याच दोन रंगांची जोडी आली, ते समांतर. वेड्यावाकड्या आकृत्याही या रंगकामाने उलगडतात.

एकदा ओळख पटली की नियम थोडेच आहेत. एकसर जोडणीत सगळ्यांतून एकच धारा जाते आणि विभवांतर (दोन टोकांमधला व्होल्टचा फरक) वाटलं जातं. समांतर जोडणीत सगळ्यांना एकच विभवांतर मिळतं आणि धारा वाटली जाते. घरातला पंखा, दिवा, फ्रिज समांतर असतात म्हणूनच प्रत्येकाला पूर्ण 230 व्होल्ट मिळतात आणि एक बंद केला तरी बाकीचे चालू राहतात. बटण आणि एमसीबी (धारा जास्त झाली की आपोआप पडणारं बटण) मात्र एकसरच हवेत, कारण त्यांनी धारा अडवायची असते.

आता एक गणित. 12 व्होल्टची बॅटरी, तिला 4 ओहमचा रोध एकसर, आणि त्याच्या पुढे 6 व 3 ओहमची समांतर जोडी. सुरुवात आतून करायची: 6 आणि 3 चा गुणाकार 18, बेरीज 9, म्हणजे जोडीचा रोध 2 ओहम. त्यात 4 मिळवले की 6 ओहम, म्हणून धारा 2 अँपिअर. 4 ओहमवर 8 व्होल्ट खर्च झाले, जोडीला 4 व्होल्ट उरले. म्हणून 3 ओहममधून 1.33 आणि 6 ओहममधून 0.67 अँपिअर. बेरीज पुन्हा 2. हा ताळा करायला पाच सेकंद लागतात, तरीही तो बहुतेकदा राहून जातो.

गुणाकार भागिले बेरीज हे सूत्र फक्त दोन रोधांसाठी आहे. 6, 3 आणि 2 ओहमच्या समांतर जोडणीला ते लावलं तर 3.27 येतं, खरं उत्तर 1 ओहम आहे. समांतर जोडणीचा एकूण रोध त्यातल्या सर्वात लहान रोधापेक्षाही कमी असतो, एवढं लक्षात असेल तर 3.27 बघताक्षणीच खटकतं. नवीन फाटा म्हणजे धारेला आणखी एक वाट, म्हणून एकूण अडथळा घटतो. एका एक्स्टेन्शन बोर्डावर इस्त्री आणि हीटर दोन्ही लावले की त्याची वायर तापते ती याच कारणाने.

दोन्ही जोडण्यांतला फरक डोळ्यांना दिसतो तो जुन्या पिवळ्या बल्बांत. 100 वॉटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना 529 ओहम, 40 वॉटच्या बल्बचा सुमारे 1322 ओहम. समांतर लावले तर 100 वॉटचा जास्त उजळतो. एकसर लावले तर उलटं: धारा दोघांतून तीच, म्हणून जास्त रोधाचा 40 वॉटचा बल्ब जास्त उजळतो आणि 100 वॉटचा जेमतेम लालसर दिसतो.

दुरुस्तीच्या दुकानातला सिरीज बोर्ड याच तत्त्वावर चालतो. 100 वॉटचा बल्ब आणि तपासायची इस्त्री एकसर. 1000 वॉटच्या इस्त्रीचा रोध जेमतेम 53 ओहम, बल्बच्या रोधाचा दहावा हिस्सा. म्हणून ती ठीक असेल तर 230 पैकी सुमारे 21 व्होल्ट इस्त्रीला जातात आणि बल्ब किंचित मंद लागतो. कॉइल तुटली असेल तर बल्ब लागतच नाही. इस्त्री शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने लागतो, पण धारा अर्ध्या अँपिअरच्या आतच राहते, त्यामुळे फ्यूज उडत नाही.

रंगकाम करूनही काही रोध कुठल्याच खान्यात बसत नाहीत. व्हीटस्टन सेतूत दोन एकसर जोड्या समांतर असतात आणि पाचवा, मधला रोध त्या जोड्यांच्या मधल्या दोन सांध्यांना जोडतो. त्या सांध्यांवर तीन-तीन तारा, म्हणून एकसर कुणीच नाही. रंगांची जोडी प्रत्येकाची वेगळी, म्हणून समांतरही कुणी नाही. सेतू संतुलित असेल, म्हणजे त्या दोन सांध्यांत विभवांतर नसेल, तर मधल्या रोधातून धारा जात नाही, तो सरळ खोडून टाकायचा, मग उरतात दोन एकसर जोड्या एकमेकींना समांतर. संतुलित नसेल तर किरचॉफचे 1845 चे दोन नियम (सांध्यात येते तेवढीच धारा बाहेर जाते, आणि बंद वाटेवरच्या विभवांतरांची बेरीज शून्य) घेऊन समीकरणं मांडायला बसायचं.