रोमन ब्रिटन : छावणीतून उभी राहिलेली शहरे

इ.स. 43 मध्ये सम्राट क्लॉडियसचे सैन्य ब्रिटनमध्ये उतरले. तेव्हा तिथे टोळ्यांची मोठी ठाणी होती, मातीचे तट होते, शाकारलेली गोल घरे होती. पण चौक, न्यायसभा, स्नानगृहे असलेले रोमन पद्धतीचे शहर एकही नव्हते. पहिले शहर वसले ते कॅम्युलोडूनमला, म्हणजे आजच्या कोल्चेस्टरला. तिथली लष्करी छावणी 49 मध्ये निवृत्त सैनिकांची वसाहत झाली. त्यासाठी जमिनी गेल्या स्थानिकांच्या, आणि क्लॉडियसच्या देवळाचा खर्चही त्यांच्याच माथी बसला. 60-61 मध्ये आइसेनी टोळीची राणी बुडिका रोमविरुद्ध बंड करून उठली, तेव्हा सर्वात आधी हेच शहर जळाले; मग लंडन, मग व्हेरुलेमियम, म्हणजे आजचे सेंट ऑल्बन्स. लंडनमध्ये खोदकाम करताना त्या आगीचा लालसर थर आजही लागतो.

यानंतर शहरे पुन्हा बांधली गेली. सुभेदार अ‍ॅग्रिकोलाने देवळे, चौक, घरे बांधायला स्थानिकांना उत्तेजन दिले आणि टोळीप्रमुखांच्या मुलांना शिकवायची सोय केली, असे त्याचा जावई टॅसिटस लिहितो. मग लोक टोगा हा रोमन पेहराव घालू लागले, स्नानगृहांत आणि मेजवान्यांत रमले. ज्याला ते सुसंस्कृतपणा म्हणत होते तो त्यांच्या गुलामीचाच भाग होता, हा शेरा खुद्द या रोमन इतिहासकाराचा आहे, म्हणून तो मला फार मोलाचा वाटतो. कारभाराची घडीही तशीच होती. जुन्या टोळ्यांतले मातब्बर नगरसभेत बसत आणि रोमसाठी कर गोळा करत.

रोजचे जगणे मात्र इमारतींपेक्षा लहानसहान लिखाणातून अधिक कळते. उत्तर सीमेवरच्या विंडोलांडा ठाण्यात 1973 पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवरची पत्रे सापडत आली आहेत. साधारण 100 च्या सुमारास क्लॉडिया सेवेरा नावाची एका अधिकाऱ्याची बायको मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावते; शेवटच्या ओळी तिने स्वतःच्या हाताने लिहिल्या आहेत. दुसऱ्या एका पट्टीवर दोन दिनारांच्या मिरीची नोंद आहे. ती मिरी आपल्या मलबार किनाऱ्यावरून निघालेली.

बाथ या शहरातल्या गरम झऱ्यावर स्थानिक देवी सुलिस आणि रोमन मिनर्व्हा एक झाल्या. भक्त शिशाच्या पत्र्यांवर गाऱ्हाणी लिहून झऱ्यात टाकत. असे सुमारे 130 पत्रे मिळाले आहेत. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे चोरीला गेले होते. चोराची बुद्धी आणि डोळे जावोत, असे तो देवीला विनवतो. देवी इथलीच, लिपी रोमन!

खेड्यांत बहुसंख्य लोक शेतीच करत राहिले, कित्येक जण जुन्याच गोल घरांत. 410 च्या सुमारास रोमची सत्ता संपली, नव्या नाण्यांचा ओघ आटला आणि शहरे ओस पडत गेली. नावे तेवढी टिकली. मँचेस्टर, विंचेस्टर, कोल्चेस्टर यांतले 'चेस्टर' आले ते लॅटिन 'कास्त्रा'वरून, म्हणजे छावणी.